देवीची पेटी कोणी काढली?

धुरपताबाई पवार म्हणजे शेलूबाजारच्या जीपमध्ये पंधराव्या माणसासारखी कोंबली, तरी कोपरानं आपली जागा करून घेणारी बाई. पण एक खोटं तिनं तीन वर्षं पोटात ठेवलं, आणि तेवढ्यापायी तिची जागा जाणार होती.

गावातल्या विहिरीवरची पाण्याची मोटर चोरीला गेली. पारध्यांनीच नेली, असं पारावर ठरलं, आणि भर दुपारी चाळीस माणसं काठ्या, पाइप, पेट्रोलच्या बाटल्या घेऊन बेड्यावर, पारध्यांच्या वस्तीवर, आली. तिच्या नवऱ्याला, बाबूसिंगला, दोघांनी आवळून धरलं आणि तिसऱ्यानं पाइपानं गुडघा फोडला. हाड मोडल्याचा आवाज तिला चुलीपाशी ऐकू आला. दिराचा, दौलतसिंगचा, एक डोळा दगडानं फुटला. मग झोपड्या पेटल्या.

तिच्या झोपडीत देवीची, कुळाचे टाक ठेवायची पेटी होती. पारध्यांत बाईनं तिला शिवायचं नसतं; शिवली तर जातपंचायत नवऱ्यासकट जातीबाहेर काढते. पण शिवायला उभा असा पुरुषच उरला नव्हता. ती आत शिरली. पोलकं पाठीला चिकटलं, केस चरचरले, तरी पेटी छातीशी धरून ती नाल्यात जाऊन पडली.

गावात परतणं शक्य नव्हतं. दुसरीकडे वसवा, असा अर्ज त्यांनी सरकारकडे केला. चौकशीत साहेबानं आगीतून काय वाचलं ते विचारलं, तेव्हा धुरपताबाईनं सांगितलं, पेटी मालकानं काढली. साहेबानं दवाखान्याचा कागद पाहिला. गुडघ्याचा चुरा झालेला माणूस आगीत शिरला कसा? अर्जदार खोटे बोलतात, झोपड्या यांनीच पेटवल्या, असा शेरा मारून त्यानं अर्ज फेटाळला.

प्रकरण नागपूरला हायकोर्टात गेलं. वकील सपनाताईंनी शपथपत्राचा कागद पुढे ओढला.

"पेटी कोणी काढली?"

"यायनंच," धुरपताबाई शेजारच्या बाबूसिंगकडे मान वळवून म्हणाली.

"मोडक्या गुडघ्यानं?"

"लय जिद्दी हाय तो, ताई."

"आणि तुमची पाठ कशानं जळली?"

धुरपताबाईनं पदर पाठीवर ओढून घेतला. खरं बोलावं तर जात जाते, नाही तर वसायची नवी जागा. बाबूसिंग कुबडी धरून बसलेला.

"मीनं काढली," ती म्हणाली. "आता टाकून दे मले."

"मले म्हाईत हाय," बाबूसिंग म्हणाला. "गुडघा फुटला होता, डोळे नाही. पाहून राह्यलो होतो तुले."

"मंग तीन वर्षं बोल्ला काहून नाही?"

"तू कोनाले बोलू देतं का?"

सपनाताईंना हसू आवरेना.

त्यांनी पाठीवरचे व्रण डॉक्टरकडून तपासून घेतले, शपथपत्राला जोडले. कोर्टानं साहेबाचा आदेश रद्द केला: जातीच्या धाकानं बोललेल्या एका खोट्यावरून सगळी मारहाण खोटी ठरत नाही, अर्ज पुन्हा ऐका.

आठवडाभरात पंचायतीनं दोघांना जातीबाहेर काढलं. पंच पेटी न्यायला आले, तेव्हा धुरपताबाई पदर खोचून पालाच्या तोंडाशी उभी राहिली.

"आग लागली तवा कुठं होते तुमी?"

बाबूसिंगनं कुबडी आडवी धरली. पंच आल्या वाटेनं परत गेले, आणि त्या दिवसापासून देवीला दिवा धुरपताबाईच लावते.