दोष आढळला नाही

कॉलेजात असताना वक्तृत्व स्पर्धांत मी सात ढाली मिळवल्या. शिंदखेड्याचे सर म्हणायचे, हा प्रेमराज बोरसे बोलण्याच्या जोरावर लांब जाईल. मी धुळ्यापर्यंत गेलो. महामार्गावर पिकअप गाड्यांचं शोरूम आहे, त्याच्या मागे वर्कशॉप, आणि वर्कशॉपच्या पहिल्या काउंटरवर मी अकरा वर्षं बसलो. गाडीवाला आला की त्याची तक्रार ऐकायची, कार्डावर लिहायची, गाडी आत पाठवायची, आणि संध्याकाळी परत देताना काय बिघडलं होतं ते त्याला समजावून सांगायचं, हे माझं काम. इंजिनातलं मला किती कळतं म्हणाल, तर बॉनेट उघडल्यावर बॅटरी कुठली आणि पाण्याची टाकी कुठली हे मी सहसा न चुकता सांगतो. बाकीचं मी बोलून भरून काढायचो.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे नवीन मॉडेल आलं. दिसायला देखणं, माल जास्त घेणारं. पहिले सहा महिने कौतुकात गेले. मग एकेक गाडी परत यायला लागली आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच. भरलेली गाडी चालता चालता बंद पडते, दोन मिनिटं थांबलं की पुन्हा चालू होते. आमचा मेकॅनिक ती रिकामी गाडी घेऊन पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जायचा, चहा पिऊन यायचा. गाडी मुकाट चालायची. मग मी कार्डावर माझ्या वळणदार अक्षरात लिहायचो, 'गाडी तपासली. दोष आढळला नाही.'

पण नुसतं एवढं सांगून माणूस घरी पाठवणं माझ्या स्वभावात नव्हतं. मी त्याला एखादं कारण द्यायचोच.

दोंडाईच्याचे झुंबरलाल शेठ मिरचीचे व्यापारी. साठीचे, हळू बोलणारे. त्यांची पिकअप पहिल्यांदा आली तेव्हा मी म्हटलं, "शेठ, डिझेल कुठून भरता? पंप बदला." त्यांनी बदलला. दुसऱ्यांदा आली तेव्हा म्हटलं, ड्रायव्हर क्लचवर पाय ठेवून चालवतो. त्यांनी ड्रायव्हरला समज दिली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मला खरंच काही सुचेना. मागच्या हौद्यात मिरचीच्या गोण्या होत्या, माझ्या नाकात खाज सुटली होती, आणि तोंडातून निघून गेलं, "मिरचीची धूळ सेन्सरमध्ये जाते, शेठ."

शेठनी एकदा मागच्या गोण्यांकडे बघितलं. मग मान हलवून गेले. पुढे कळलं की त्यांनी पन्नास गोण्यांवर टाकायला दोन नवीन ताडपत्र्या शिवून घेतल्या.

चौथ्यांदा ते आले तेव्हा त्यांनी खिशातून एक कागद काढला. त्यावर तारखेवार माझी तिन्ही कारणं लिहिलेली होती. "प्रेमराजभाऊ," ते शांतपणे म्हणाले, "आज काय लिहू?"

मी म्हटलं, हवामान. उन्हाळा फार आहे.

त्यांनी तेही लिहून घेतलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण त्याच सुमारास आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कांदा बाजारात न्यायला गाडी घ्यायची होती. आबांचं नाव रुपचंद. नरडाण्याजवळच्या आमच्या गावात त्यांचा शब्द चालतो, आणि त्यांच्यावर माझा शब्द चालायचा, कारण मी 'गाड्यांच्या लाइनीत' होतो. मी त्यांना हीच गाडी घ्यायला लावली. तक्रारी रोज लिहीत होतो, तरी लावली. याचं कारण मी पुष्कळदा शोधलं आहे. मला वाटतं, रोज तेच बोलून बोलून माझा माझ्यावरच विश्वास बसला होता.

दुसऱ्या महिन्यात आबांचा फोन आला. "गाडी चालता चालता बंद पडनी. दोनदा. तुनी कंपनीनी गाडी शे, तूच देख."

मी म्हटलं, "आबा, तुमना पाय क्लचवर राहस."

ते एवढंच म्हणाले, "तीस वरीस ट्रॅक्टर चालाडं मी." आणि फोन ठेवला. पुढचे बारा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. माय सांगायची की आबा जेवताना मधेच उजवा हात थांबवून डाव्या पायाकडे बघतात.

तेव्हा मी ठरवलं की रविवारी जाऊन स्वतः गाडी चालवून दाखवायची. कांदा भरलेला होता, सोमवारच्या लिलावासाठी धुळ्याला न्यायचा होता. आबा म्हणाले, "चालाड." ते मोटरसायकलवर मागून निघाले. मायला, प्रमिलाबाईला, धुळ्यात बहिणीकडे जायचं होतं, म्हणून ती माझ्या शेजारी बसली. सकाळचे आठ वाजले होते. गाव सुटेपर्यंत मी मायला गाडी कशी चालवावी यावर व्याख्यान दिलं. क्लच म्हणजे काय, पाय कुठे ठेवावा, गिअर कधी बदलावा. माय "हा, हा" करत होती.

रेल्वेच्या पुलाचा चढ आला. मी दुसरा गिअर टाकला. अर्ध्या चढावर, कुणी बटण दाबून पंखा बंद करावा तसं इंजिन बंद झालं. ना धडधड, ना धूर. स्टिअरिंग एकदम जड झालं. गाडी थांबली आणि हळूच मागे सरकायला लागली.

इंजिन बंद पडल्यावर ब्रेकमध्ये एक-दोन दाबांपुरताच जोर उरतो. म्हणून ब्रेक एकदाच दाबून धरावा, पुन्हा पुन्हा मारू नये, हे मी गिऱ्हाइकांना अकरा वर्षं सांगत आलो होतो. त्याचं छापील पत्रकही माझ्याच टेबलावर असायचं. मी ब्रेक चारदा मारला. पाचव्यांदा तो दगड झाला. मागे भरलेला कांदा, खाली उतार, आणि मागून येणाऱ्या एसटीचा हॉर्न. मला हॅंडब्रेक आठवला नाही. खरं सांगायचं तर मला माझं नावही आठवलं नसतं.

माय म्हणाली, "हाई कसाले शे?" आणि आमच्या दोघांमधला दांडा तिनं दोन्ही हातांनी वर ओढला.

गाडी कुरकुरली, तिरकी झाली आणि रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगाला मागचं चाक टेकून थांबली. एसटी शेजारून निघून गेली. चार गोण्या खाली पडल्या, एक फुटली, कांदे उतारावरून घरंगळत गेले. मागून आलेले आबा मोटरसायकल आडवी लावून कांदे अडवत उभे होते. कुणाला काही लागलं नाही. माझे पाय मात्र इतके थरथरत होते की मला खाली उतरता येईना.

माय माझ्या पायांकडे बघत होती. मला वाटलं, काळजीनं बघते आहे.

"आते कोना पाय व्हता रे क्लचवर?" ती म्हणाली.

सोमवारी मी ती गाडी आमच्याच वर्कशॉपला आणली. काउंटरवर अखिल होता, माझ्या हाताखाली शिकलेला. दोन वर्षांपूर्वी मीच त्याला शिकवलं होतं की गिऱ्हाइकाशी बोलताना चेहऱ्यावर सहानुभूती हवी आणि हातात पेन हवं. त्याच्या चेहऱ्यावर सहानुभूती होती आणि हातात पेन होतं. संध्याकाळी तो म्हणाला, "सर, पंपापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. दोष आढळला नाही. आबांचं वय किती?"

मी म्हटलं, "गाडी मी चालवत होतो."

तो जरा गोंधळला, पण चांगला तयार झालेला मुलगा. "मग सर, सवय नसेल," तो म्हणाला.

त्या रात्री मी जेवलो नाही, हे सांगून उगाच मोठेपणा घेत नाही. जेवलो, पण चव लागली नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि दोंडाईच्याला झुंबरलाल शेठकडे गेलो. काय बोलायचं ते एसटीत पाठ करून ठेवलं होतं. दुकानात शिरताच ते सगळं विसरलो आणि शिंका सुरू झाल्या. शेठनी पाणी दिलं, चहा मागवला. मी पुलावरची हकीकत सांगितली. मायनं दांडा ओढला तेही सांगितलं.

शेठ ऐकत होते. मग म्हणाले, "मिरचीच्या धुळीनं असं होतं, प्रेमराजभाऊ. पण तुमच्या गाडीत तर कांदा होता."

एवढंच. त्यापुढे त्यांनी मला एका शब्दानं टोचलं नाही. उलट त्यांनी कपाटातून फाईल काढली. अशाच बावीस गाडीवाल्यांची नावं त्यांनी गोळा केली होती. प्रत्येकाची गाडी कुठे, कधी, किती माल असताना बंद पडली ते लिहून ठेवलं होतं. मी ती पानं वाचत गेलो आणि मला पहिल्यांदा दिसलं की रिकाम्या गाडीची तक्रार एकही नव्हती. बहुतेक सगळ्या चढावरच्या. ही बावीसही माणसं माझ्या काउंटरवर येऊन गेली होती, आणि मी प्रत्येकाला वेगळं कारण देऊन त्यांना एकमेकांपासून लांब ठेवलं होतं.

"गाडी भरून तपासायला हवी," मी म्हटलं.

"मी चारदा तेच सांगितलं," शेठ म्हणाले.

नरडाणा फाट्यावर वना नावाचा माणूस वायरिंगचं काम करतो. पत्र्याची शेड, शिक्षण सातवी. आम्ही शेठची पिकअप मिरचीनं भरून त्याच पुलाच्या पायथ्याशी नेली. वनानं चाकांमागे दगड लावले, बॉनेट उघडलं, हॅंडब्रेक ओढायला सांगितला आणि शेठच्या ड्रायव्हरला म्हणाला, पहिला गिअर टाक, क्लच हळूहळू सोड. गाडी जागची हलली नाही, पण जोर घेताना इंजिन एका कुशीवर कललं. रिकाम्या गाडीत ते एवढं कलत नाही. कललं तसा वायरींचा जुडगा मागच्या एका पत्र्याच्या पट्टीच्या धारेवर दाबला गेला, आणि इंजिन गप्प झालं.

वनानं टॉर्चचा प्रकाश टाकला. "हाई देखा. पत्रा तार खाई राहिना."

एका वायरीवरचं प्लास्टिक घासून आतलं तांबं उघडं पडलं होतं. नखाएवढी जागा. वनाला ती सापडायला वीस मिनिटं लागली. मी तेवढ्याच वेळात रस्त्याकडेच्या दगडावर बसून तीन वर्षं आठवत होतो.

तक्रार लिहायचं काम शेठनी माझ्यावर टाकलं. "तुमचं अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. मी चार पानं लिहिली. सुरुवातीला खान्देशच्या मातीतल्या कष्टाळू माणसांबद्दल एक परिच्छेद होता, तो शेठनी खोडला. दुसरा त्यांनी वाचलाच नाही. शेवटी एक पान उरलं. त्यात तारखा होत्या, ठिकाणं होती, मालाचं वजन होतं आणि वनानं काढलेला फोटो. खाली बावीस सह्या, तेविसावी आबांची. एक प्रत कंपनीला, एक सरकारच्या वाहनदोषांच्या संकेतस्थळावर.

मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "बोरसे, तुम्ही आमचे का त्यांचे?"

सात ढालींचा माणूस मी. उभा राहिलो, घसा साफ केला, आणि म्हणालो, "साहेब, माय होती गाडीत." एवढं एकच वाक्य, आणि मी बाहेर आलो.

सहा आठवड्यांनी पुण्याहून दोन इंजिनिअर आले. त्यांनी वनाच्या शेडमध्ये बसून गाडी बघितली, मोजमापं घेतली. मग कंपनीचं पत्र निघालं की ग्राहकांच्या समाधानासाठी वायरिंगमध्ये 'सुधारणा' करून देण्यात येईल, विनामूल्य. 'दोष' हा शब्द पत्रात कुठेही नव्हता. वाचून मला आदर वाटला. हे ज्यानं लिहिलं तो माझ्यापेक्षा वरच्या दर्जाचा माणूस असणार.

गाडीवाल्यांना फोन करून बोलावण्याचं काम मलाच दिलं. दोनशे ऐंशी फोन. निम्म्या लोकांनी विश्वास ठेवला नाही. जामनेरच्या बेबाबाई स्वतः पिकअप चालवतात, भाजी नेतात. त्यांना वायरीचं सांगितलं तर म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही मला म्हणाला होता की लुगड्याचा काठ पेडलमध्ये येतो. मी तेव्हापासून पंजाबी ड्रेस घालते." मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, ड्रेस बरा आहे, राहू द्या, पण गाडी नीट करा.

फोन संपले आणि साहेबांनी मला काउंटरवरून काढलं. आता कंपनीचा नियम आला आहे की बंद पडण्याची तक्रार असेल तर गाडी भरून, चढावर चालवून बघायची. ते काम माझ्याकडे दिलं. साहेबांच्या मते ही शिक्षा आहे आणि पहिला महिना माझ्याही मते होती. वाळूची पोती मीच चढवतो, मीच उतरवतो. पोट थोडं कमी झालंय. वना सुट्टीच्या दिवशी मला इंजिन शिकवतो. तो म्हणतो की माझी प्रगती होते आहे, पण मी काम करताना बोलू नये.

गेल्या मंगळवारी पुलावर एक गाडी तपासत होतो. घामानं शर्ट भिजलेला, हाताला ग्रीस. मागून आबांची पिकअप आली, कांद्यानं भरलेली, शेजारी माय. आबा दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश चढ चढत होते. मी हात केला. मायनं खिडकीतून हात हलवला. आबांनी नुसता हॉर्न दिला आणि पुढे गेले. नऊला लिलाव सुरू होतो.