आधी पिशवी निघते

दारावर दोनदा टकटक, मग एक खाकरणं, आणि मग हिरव्या कॅनव्हासची फुगलेली पिशवी माझ्या उंबऱ्याच्या आत. काका तिला वाकून नमस्कार करायचे आणि म्हणायचे, "प्रस्थान झालं म्हणजे अर्धा प्रवास झाला!"

समोरच्या खिडकीतून काकूंचा आवाज यायचा, "आणि उरलेला अर्धा?"

हे सात-आठ महिने चाललं. मी तेव्हा बनारसला एम.ए. करत होते आणि ब्रह्मा घाटामागच्या एका गल्लीत खोली घेऊन राहत होते. काका-काकू समोरच्या घरात, वरच्या मजल्यावर. गल्ली इतकी अरुंद की काकू खिडकीतून आमटीची वाटी पुढे करायच्या आणि मी माझ्या खिडकीतून ती घ्यायचे. म्हणजे पिशवीचा प्रवास, जिना सोडला तर, चार फुटांचा.

प्रस्थान ठेवणं म्हणजे काय हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. मला नव्हतं. निघायच्या वेळी मुहूर्त चांगला नसेल, तर आधीच एखादी चांगली वेळ पाहून आपलं सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे आपण त्या मुहूर्तावर निघालोच असं धरतात. नंतर गाडी केव्हाही असो.

काका घराण्याने भिक्षुक आणि नोकरीने रेल्वेचे. तेहतीस वर्षं आरक्षणाच्या खिडकीत बसले होते. त्यांच्या टेबलावर पंचांग आणि गाड्यांचं वेळापत्रक शेजारी शेजारी असायचं. या दोघांचं आयुष्यात कधी जमलं नाही, असं ते फार दुःखाने सांगायचे. म्हणून पिशवी.

पहिली पिशवी पचमढीची होती. होळीच्या आधी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काका दारात, खांद्यावर टॉवेल.

"जरा ब्रश हवा होता."

"माझा?"

"छे! माझाच. पिशवीत आहे."

"मग घरी घेऊन जा ना, काका."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या शिक्षणाची शंका आली. "अगं, पिशवी प्रवासात आहे. मी तिच्याकडे आलो तर चालतं. ती घरी गेली तर प्रस्थान मोडतं."

मग ते रोज यायचे. माझ्या मोरीत दात घासायचे, पिशवीतला चांगला चष्मा काढून माझ्या खुर्चीत पेपर वाचायचे, चष्मा परत पिशवीत ठेवून, डोळे बारीक करत घरी जायचे. एकदा गारठा पडला तेव्हा काकूही आल्या. पिशवीतला स्वेटर घालून अर्धा तास माझ्या पलंगावर बसल्या, ऊब आल्यावर स्वेटर घडी करून ठेवला आणि म्हणाल्या, "पचमढीला छान वाटलं हो."

इथे एक कबूल करते. आमच्या घरी फिरायला जाणं ही गोष्टच नव्हती. आई-बाबा गाव सोडायचे ते लग्नाला, नाहीतर दवाखान्यात. कॉलेजात पाय ठेवलेली मी पहिली. त्यामुळे शिकलेल्या घरांत सुट्टी अशीच घालवतात, असं मला बरेच दिवस खरंच वाटत होतं.

पचमढीच्या गाडीला अकरा तास उशीर झाला. काकांच्या हिशेबाने पिशवी पाच दिवस चालते, मग विटते. ती विटली. आणि विटलेली पिशवी तशीच घरी नेता येत नाही, तिला निदान नदी ओलांडावी लागते. तेव्हा काका, काकू, पिशवी आणि मी असे ऑटोने पुलावरून रामनगरला गेलो, लस्सी प्यायलो, किल्ला बाहेरून पाहिला आणि परत आलो. गल्लीच्या तोंडाशी दूधवाल्याने विचारलंच, "का पंडितजी, पचमढी कइसन रहल?"

"बढिया," काका गंभीरपणे म्हणाले. "बस, भीड बहुत थी."

मे महिन्यात नैनीताल झालं, तेही रामनगरलाच. तिकीट वेटिंगवर राहिलं आणि जुन्या ऑफिसात एक फोन करायला काका तयार होईनात. "लोकांना तेहतीस वर्षं सांगितलं, ओळख चालणार नाही. आता माझी कशी चालेल?" पावसाळ्यात चित्रकूट रामनगरला झालं. लस्सीवाला आता न विचारताच तीन कुल्हड भरायचा.

मी एकदा धीर करून काकूंना विचारलं, "तुम्हाला राग नाही येत?"

त्या भेंडी चिरत होत्या. "रागवायला फुर्सत हवी ना गं. त्यांना भीती वाटते. जन्मभर दुसऱ्यांना गाडीत बसवलं, स्वतः बसायची सवयच नाही." मग विळी बाजूला सारून त्यांनी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले. "डॉक्टर म्हणाले, दिवाळीनंतर दोन्ही बदलू. नंतर कसं चालता येईल, कोण जाणे. मला एकदा समुद्राच्या वाळूत चालायचंय. या गुडघ्यांनी. दुखले तरी माझे आहेत."

त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. मीही नव्हता. त्या दिवशी भेंडी आम्ही दोघींनी मिळून चिरली.

दसऱ्यानंतर पुरीची तिकिटं निघाली. पक्की, खालचे दोन बर्थ. रविवारी सकाळी आठची गाडी. रविवारचं नक्षत्र काकांना पसंत नव्हतं, म्हणून मंगळवारी सकाळी नऊला पिशवी माझ्याकडे आली. पाच दिवस म्हणजे रविवारी नऊपर्यंत. काकांनी बोटं मोजून दाखवली. तासभर हातात होता.

रविवारी सातला कळलं, गाडी बाराला येणार.

काका आपल्याच घरात खुर्चीत बसले, मी शेजारी. नऊ वाजले. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "विटली. चला, रामनगर."

काकू उठल्या. त्यांनी पायात चपला घातल्या, काठी घेतली, देवाजवळ ठेवलेली तिकिटं पर्समध्ये टाकली आणि मला म्हणाल्या, "चौकापर्यंत सोड गं मला."

चौकापर्यंत आम्हाला पंधरा मिनिटं लागली. त्या दर दहा पावलांवर थांबायच्या आणि थांबण्याचं कारण म्हणून कुठल्या तरी दुकानाला नावं ठेवायच्या. ऑटोत बसून त्या स्पष्ट म्हणाल्या, "स्टेशन." मग माझ्याकडे वळल्या.

"त्यांना सांग, प्रस्थान ठेवलंय. मीच जाऊन बसलेय. पाच दिवस चालेल म्हणावं."

मी धावत परत आले आणि शब्दाला शब्द सांगितलं.  मला वाटलं, आता काका ओरडतील.

"किती वाजता बसली ऑटोत?"

"साडेनऊ झाले असतील."

त्यांनी पंचांग ओढलं. बोट खाली सरकत गेलं, थांबलं. "लाभ चौघडिया," ते हळूच म्हणाले. "हिने न बघता लाभ साधला." आणि मग एकदम उठले. "अगं, मग मी इथे काय करतोय? माझं प्रस्थान स्टेशनवर बसलंय!"

ते निघाले ते एका पायात मोजा, काखेत पंचांग, असे. वाटेत दूधवाला ओरडला, "पंडितजी, रामनगर?" काकांनी पहिल्यांदाच त्याला उत्तर दिलं नाही.

गाडी साडेबाराला आली आणि दोघं गेले. ते खरंच गेले हे मला कळलं खिडकीवरून. समोरची खिडकी संध्याकाळी उघडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वाटी घ्यायला म्हणून मी सवयीने हात पुढे करून उभी राहिले आणि मलाच हसू आलं.

आणि मग माझं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. हिरवी पिशवी तिथेच होती. ब्रश, चष्मा, दोन स्वेटर, सगळ्यासकट.

तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. मागे प्रचंड घोंगावणारा आवाज. "पिशवी घरी नेऊन ठेवू नकोस हं! विटलेली आहे. आधी नदी ओलांडायला हवी!"

"काकू कुठे आहेत?"

"पुढे गेली. ऐकतच नाही. साडी भिजली, चप्पल वाहून गेली, तरी चालतेच आहे." मग म्हणाले, "उरलेला अर्धा, तो हा होता बरं का."

मग मी काय केलं असेल, तुम्ही ओळखलंच असेल. पिशवी घेतली, ऑटो केला, रामनगरला गेले. पिशवीला बाकावर शेजारी बसवलं. लस्सीवाल्याने सवयीने तीन कुल्हड भरले, इकडे तिकडे पाहिलं आणि विचारलं, "बाकी लोग?"

"पुरी गए हैं," मी म्हणाले. "सच में."

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. या वेळी काकू होत्या, धापा टाकत. "ऐक हं, पाण्याजवळ धरते. ऐक!"

मी ऐकलं. एक मोठी लाट आली, फुटली, मागे गेली. दुसरी येईपर्यंत मला राहवेना. मी फोन कानावरून काढला आणि पिशवीच्या तोंडाशी धरला.