एका अक्षराचं खोकं

राडिम वात्सुलीक हा आमच्या ब्रनो शहरातल्या ऑफिसातला, जागेच्या बाबतीत नंबर एकचा चिक्कू. आईनं भाजून पाठवलेल्या बुख्ता, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, डब्यात इतक्या ठासून आणायचा की एक काढायला गेलं तर तीन बाहेर पडायच्या. आम्ही चिडवलं की हसायचा आणि त्यातली मोठी माझ्या हातावर ठेवायचा. असले चिक्कू मला शंभर मिळाले तरी चालतील.

आम्ही ऐकू न येणाऱ्यांसाठी लेखी फोन बनवतो. इकडे अक्षर दाबलं की तिकडे पडद्यावर लगेच उमटतं. राडिमची आई, व्लास्ता, जन्मापासून बहिरी. नवरा गेल्यापासून दूर व्सेतीन गावातल्या घरात ती आणि हा फोन.

अडचण अशी, की आमचा प्रोग्राम प्रत्येक अक्षराला मेमरीतलं अख्खं खोकं द्यायचा. खोकं पानभर मजकुराचं, आत एकच अक्षर. गर्दी झाली, अक्षरं रांगेत थांबली, की जवळजवळ रिकाम्या खोक्यांनीच जागा संपायची आणि फोन तुटायचा.

"वाक्य पूर्ण झालं की मगच पाठवू," आमच्या वरिष्ठ डागमारबाई म्हणाल्या. "एक वाक्य, एक खोकं. मिटलं!"

"नको," राडिम म्हणाला. "आई लिहीत असताना मी काय कोऱ्या पडद्याकडे बघत बसू?"

"अरे, क्षणभरानं काय आकाश कोसळतंय?"

"तुमच्या आईनं आधी सगळं मनात पाठ करून मग बोललेलं चालेल तुम्हाला?"

बाई वैतागल्या. "शुक्रवारपर्यंत दुसरा उपाय दाखव. नाहीतर पूर्ण वाक्यच पाठवलं जाणार."

राडिमनं मान खाली घातली ती शुक्रवारीच वर केली. रांगेत थांबलेली अक्षरं त्यानं एकाच खोक्यात दाटीवाटीनं बसवली आणि रिकामी खोकी लगेच मोकळी केली. पाठवणं मात्र होतं तसंच, अक्षरागणिक.

भर दुपारी, लाइनवर मुद्दाम खोट्या संदेशांची गर्दी सोडून, त्यानं आईला फोन लावला. आम्ही मागे उभे. फोन तुटला नाही.

"राडिमेक, जेवलास का रे?" आईच्या लाडाच्या हाकेनं अक्षरं आली.

"जेवलो. तू कशी आहेस?"

"फार एकटं वाट" एवढं उमटलं आणि थांबलं. मग एकेक अक्षर मागे मागे पुसलं जाऊ लागलं. पडदा कोरा झाला. नंतर सावकाश आलं, "मजेत आहे. तू काम कर."

माझे डोळे भरून आले, सांगायला लाज कसली. राडिम पडद्याकडे बघतच राहिला.

"व्सेतीनची गाडी किती वाजता आहे?" डागमारबाईंनी विचारलं.

"पण अजून तपासणी राहिलीय..."

"ती मी करते. तू नीघ."