जपाच्या वेळचा तळहात

मागच्या वर्षी अकोल्यास मुलाकडे आठ दिवस होतो. एका सकाळी तो संगणकासमोर कामात होता आणि त्याची सात वर्षांची मुलगी चित्र घेऊन दाराशी आली. त्याने मान न वळवता डावा तळहात उंचावला. तिने चित्र पाठीमागे लपवले आणि ती निमूट परतली. मी बाजूच्या खुर्चीवर होतो. तो तळहात माझा होता.

अमरावतीच्या घरी गायत्रीजपाच्या वेळी मी आयुष्यभर असाच हात उचलत आलो. जप करताना बोलू नये, असे पाठशाळेत गुरुजींनी शिकवले होते. बोलावेच लागले तर उजव्या कानाला स्पर्श करावा, विष्णुस्मरण करावे आणि जप पुढे चालू ठेवावा, हेही त्यांनीच शिकवले होते. एवढे सोपे प्रायश्चित्त. ते घेण्याची वेळ मी कधी येऊच दिली नाही.

मुलगा लहान असतानाची गोष्ट. पत्नी देवघराच्या दारात आली. मी तळहात दाखवला. जप संपेपर्यंत ती उभी राहिली, मग म्हणाली, "बाळापूरहून निरोप आला. बाबाचं बरं नाई." मला त्या दिवशी एका यजमानाकडे वास्तुशांत करायला जायचे होते. ती मुलाला घेऊन एकटीच निघाली, पण तोवर सकाळची एस.टी. निघून गेली होती. ती पोहोचली तेव्हा तिचे वडील गेलेले होते. यावरून तिने मला आजवर एक शब्द ऐकवलेला नाही. मात्र त्यानंतर जपाला बसलो की दारात ती उभी आहे असे वाटते. डोळे उघडावेत, तर दार रिकामे, आणि स्वयंपाकघरातून तिच्या भांड्यांचा आवाज.

अकोल्याहून परतल्यावर मी नेम धरला. आसनावर बसण्यापूर्वी स्वयंपाकघरात जायचे आणि तिला विचारायचे, "तुला काही सांगायचे आहे का?"

पहिल्या दिवशी तिने गॅस बारीक केला. "तबेत बरी हाय ना तुमची?"

पुढे रोज उत्तर मिळे: दूध संपले, नळ गळतो. रविवारी मुलाला फोन करू लागलो. तो विचारी, "बाबा, काही काम होतं का?" नाही म्हटले की तो पावसापाण्याचे काढी. मला एकच हवे होते. आम्हा दोघांपैकी एक जाण्याआधी पत्नीने त्या सकाळविषयी माझ्याशी बोलावे.

मार्गशीर्षात ती तुरीच्या शेंगा सोलत होती. मी नेहमीचा प्रश्न विचारला. हात न थांबवता ती म्हणाली, "त्या दिवशी मी नुसता निरोप सांगाले नव्हती आली."

"मग?"

"तुमी संग याल का, हे इचाराले आली होती. उभ्या उभ्या ते राहूनच गेलं."

मी म्हणालो, "आपण जाऊ बाळापूरला. उद्याच जाऊ."

"आता कोन हाय तिथं?" तिच्या स्वरात राग नव्हता.

मी समोर बसून शेंगा सोलू लागलो. ती वडिलांविषयी बोलू लागली. बाजारातून परतताना ते कोपऱ्यावरूनच तिला हाक मारीत. ती हाक तिने त्यांच्या आवाजात मारून दाखवली. मी त्यांचा जावई; मला तो आवाज ओळखता आला नाही.