शनीचं वाकडं कडं

आमच्या खगोलमंडळाने संगणकावर चालणारी दुर्बीण घ्यायचं ठरवलं, तेव्हा ती पारखायचं काम माझ्याकडे आलं. मी नाशिकच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. वर्षानुवर्षं मोजपट्ट्यांवरच्या बारीक खुणा वाचून माझा उजवा डोळा तयार झालेला. एकमेकांना चिकटलेले जोडतारे इतरांना एक दिसायचे तेव्हा मला दोन दिसायचे, आणि त्याचा मला थोडा तोराही होता. मंडळ चालवणारे भूगोलाचे निवृत्त शिक्षक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, मला म्हणाले, "ताई, मोतीबिंदू काढल्यापासून माझा माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही. निकाल तुम्हीच द्यायचा."

दुर्बिणी दोन होत्या. एक जाड नळीची, आरशाची, विक्रेत्याकडून पारखायला आणलेली. तिच्याबरोबर हातात धरायचा रिमोट. संध्याकाळी दोन ओळखीचे तारे तिला दाखवून द्यायचे, मग ती स्वतःच आकाशाचा हिशेब लावते. पुढे 'शनी' म्हणून बटण दाबलं की गुरगुरत वळते आणि शनीवर जाऊन थांबते. दुसरी छोटी, पाठीवरच्या पिशवीत मावेल अशी. तिला डोळा लावायची जागाच नाही. आत कॅमेरा, आणि चित्र थेट फोनवर. ही दुसरी मंडळातल्या एका मुलीची होती. ती सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते आणि मला काकू म्हणते. "काकू, शाळेतली साठ पोरं रांगेत उभी करण्यापेक्षा एका पडद्यावर सगळ्यांना दाखवू," असं तिचं म्हणणं. मला ते पटत नव्हतं. प्रकाश इतक्या लांबून येतो, तो आपल्या डोळ्यात शिरला पाहिजे, असं माझं मत.

डिसेंबर होता. गंगापूर रोडच्या आमच्या गच्चीवर दिवेलागणीनंतर मी जाड नळीची दुर्बीण मांडली. अभिजित आणि ब्रह्महृदय दाखवून दिले. शनीचं बटण दाबलं. दुर्बीण वळली, थांबली, आणि मी उजवा डोळा लावला. शनी बरोबर मधोमध होता. त्या वर्षी त्याचं कडं आपल्याला कडेवरून दिसत होतं, मण्यातून आरपार गेलेल्या सुईसारखं. पण मला दिसली ती सुई एका बाजूला वाकलेली होती.

मी डोळा बाजूला घेतला, पुसला, पुन्हा लावला. तसंच.

आरसा किंचित तिरपा बसला असेल, असं मी धरलं. नव्या दुर्बिणीत प्रवासात असं होतं. मग एक तारा मुद्दाम धूसर करून पाहिला. आरसा नीट असेल तर ताऱ्याभोवती एकात एक गोल वर्तुळं दिसतात. मला ती एका बाजूने चेपलेली दिसली. मी मागचे स्क्रू फिरवत बसले. सर जिने चढून वर आले, त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "मला तर गोल दिसतायत, ताई."

मी पुन्हा स्क्रूकडे वळले. मनात म्हटलं, सरांचे डोळे.

विक्रेत्याला कळवलं की आरशात खोट आहे. त्याने कुरकुर केली, पण दुसरी दुर्बीण पाठवली. ती आल्यावर सर म्हणाले, आता शहरात नको, अंधारात पाहू. त्यांच्या मेहुण्यांचं शेत चांदवडजवळ आहे. आम्ही चौघं निघालो: सर, ती मुलगी, मी आणि गाडी चालवायला माझे यजमान. त्यांना आकाशाचं काही नाही, पण मला एकटीला सोडत नाहीत.

शेतात कांदे साठवायच्या चाळीमागे मोकळी जागा होती. सरांचे मेहुणे म्हणाले, "लय गार हाय. शेकोटी करू का?" मी नको म्हटलं, धुराने आणि उष्णतेने समोरची हवा हलते आणि तारा नाचतो. त्यांनी हसून घोंगडी आणून दिली.

नवी दुर्बीण मांडली, तारे दाखवले, शनी लावला. उजवा डोळा लावला.

सुई वाकलेलीच. त्याच बाजूला, तितकीच.

दोन वेगळ्या दुर्बिणींमध्ये एकच खोट एकाच जागी कशी असेल? मी डोळा लावायची, भिंग बसवलेली नळी हळूहळू फिरवली. खोट भिंगात असती तर वाक तिच्याबरोबर फिरला असता. तो फिरला नाही. मी मान तिरकी केली. आता वाक माझ्या मानेबरोबर फिरला. मग मी डोळा बदलला. डावा लावला. शनीचं कडं सरळ होतं, अगदी सरळ.

"दिसतंय ना नीट?" सरांनी मागून विचारलं.

"हो," मी म्हटलं. "ही चांगली आहे."

मग त्यांनी पाहिलं, मेहुण्यांनी पाहिलं, घरातल्या बायका आल्या, त्यांनीही पाहिलं. त्या मुलीने पलीकडे आपली दुर्बीण लावली होती. फोनवर मृग नक्षत्रातला तेजोमेघ हळूहळू उमलत होता आणि सगळे तिकडे वळले. मी दुर्बिणीपाशी घोंगडी घेऊन बसून राहिले. डावा डोळा हाताने झाकून चाळीच्या छपराची कड पाहिली. मध्येच खाली दबलेली. डावा उघडला, सरळ. झाकला, दबलेली. आजूबाजूला लोक बोलत होते आणि मला वाटत होतं की मी एकटीच एका विहिरीच्या काठावर बसले आहे.

माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. साठीच्या आसपास त्यांना पेपरातल्या ओळी मोडक्या दिसायला लागल्या. ते चष्मेवाल्याला दोष देत राहिले, काचा बदलत राहिले. नंतर समोर बसलेल्या माणसाचा चेहराच जायचा. कडा दिसायच्या, केस, कान, खांदे, आणि मध्ये धूर. म्हणून ते आमच्याशी बोलताना मान वळवून दुसरीकडेच पाहत. लहान मुलांना वाटे, आजोबा रागावलेत. शेवटची वर्षं त्यांनी माझा चेहरा पाहिला नाही. मी जवळ गेले की गालावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "बारीक झालीस." मी बारीक झालेली नसायचे.

परतताना महामार्गावर मी पुढे बसले होते. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे पडत होते. मी डावा डोळा मिटला. रस्त्यावरची पांढरी रेघ जिथे मी पाहीन तिथे मोडत होती. नजर पुढे नेली की मोड पुढे जायची. मी पुन्हा पुन्हा डोळा मिटत होते, जणू एखाद्या वेळी ती सरळ दिसेल.

"काय गं, डोळ्यात काही गेलंय का?" यजमानांनी विचारलं.

"धूळ," मी म्हटलं. मागे सर आणि मुलगी दुर्बिणींची तुलना करत होते.

घरी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होईल, असं काहीतरी डोक्यात होतं. न्हाणीघरात गेले की डावा डोळा झाकून फरशांच्या रेघा पाहायचे. कॉलेजात दाराची चौकट, फळ्याची कड, खिडकीचे गज. वर्गात मुलं प्रयोग करत असताना मी एका मुलाने वाचलेली खूण तपासायला वाकले आणि उजव्या डोळ्याला ती खूणच दिसेना. शेजारच्या दिसत होत्या, जी हवी ती नाही. "बरोबर आहे," असं म्हणून मी सही केली आणि मागच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसले. तास सुटल्यावर त्याची खूण डाव्या डोळ्याने पुन्हा तपासली. बरोबर होती.

एका सकाळी यजमान चहा पीत समोर बसले होते. मी सवयीने डोळा झाकला, आणि त्यांचं नाक एका बाजूला सरकलं. माझ्या तोंडून हुंदका निघाला. त्यांनी कप खाली ठेवला.

"काय झालं?"

"तुमचा चेहरा मोडलाय," मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "चांदवडला कळलं होतं तुला?" मी मान हलवली. ते उठले, शर्ट बदलून आले आणि गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभे राहिले.

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण होत्या. डोळ्यांत थेंब घातले, हनुवटी एका यंत्रावर ठेवायला लावली, आत हिरवी फुली होती तिच्याकडे बघायला सांगितलं. फुलीचा मधला भाग मला सापडत नव्हता. पापणी हलवू नका, असं मागून कोणी म्हणत होतं.

डॉक्टरांनी संगणकावर चित्र दाखवलं. डोळ्याच्या पडद्याचे थर डोंगरांच्या रांगांसारखे दिसत होते आणि मध्ये एक उंचवटा. "इथे मागून नको त्या रक्तवाहिन्या वाढल्यात," त्या म्हणाल्या. "त्यांतून पाणी झिरपतंय. म्हणून रेघ वाकडी दिसते."

"माझे वडील," मी म्हटलं. पुढचं वाक्य जुळेना. यजमानांनी ते पुरं केलं.

त्यांनी ऐकून घेतलं. "त्यांना नेमकं काय होतं, ते तपासल्याशिवाय मी सांगू शकणार नाही. पण तेव्हा नसलेला उपाय आज आहे. इंजेक्शन द्यावं लागेल, बहुतेक काही महिने. गेलेलं सगळं परत येईल असं मी म्हणत नाही. पुढचं थांबवायचा प्रयत्न करू."

"इंजेक्शन दंडावर?" मी विचारलं.

"डोळ्यात," त्या म्हणाल्या.

त्यानंतर काय बोलणं झालं ते आठवत नाही. बाहेर आल्यावर थेंबांमुळे उन्हाचा पांढरा लोळ डोळ्यांत शिरला आणि यजमानांनी माझा दंड धरून मला पायऱ्या उतरवल्या. तो दंडावरचा हात मला सहन होईना, कारण वडिलांना आम्ही असंच उतरवायचो.

पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी मी हिरव्या कपड्याखाली पडून होते. पापण्या चिमट्याने उघड्या धरलेल्या. मिटता येत नाही, आणि जे येतंय ते पाहायचं. "वर बघा, छताकडे," डॉक्टर म्हणाल्या. बधिर केलेलं होतं, दुखलं नाही, फक्त दाब आला. मग नजरेत काळे बुडबुडे तरंगायला लागले, पाण्यात शाईचे थेंब सोडावेत तसे. मला वाटलं, संपलं, डोळा गेला. मी नर्सचा हात इतका घट्ट धरला होता की तिने हळूच एकेक बोट सोडवून घेतलं. "बुडबुडे जातील, मावशी," ती म्हणाली. "सगळ्यांना येतात." दुसऱ्या दिवसापर्यंत गेले.

दरम्यान मंडळाची बैठक होती. मी सरांच्या घरी गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की पहिल्या दुर्बिणीत खोट नव्हती, माझ्या डोळ्यात होती. मग ती सॉफ्टवेअरवाली मुलगी म्हणाली, "काकू, मग आपण माझ्यासारखीच घेऊ. पडद्यावर तुम्हालाही त्रास नाही." तिने मायेने म्हटलं होतं, पण मला ते झोंबलं. मी म्हटलं, "मला काय झेपतं त्यावरून दुर्बीण ठरवू नका." आणि डाव्या डोळ्याने जे पाहिलं होतं ते सांगितलं. ग्रह आणि चंद्र जाड नळीत उत्तम. तेजोमेघ आणि दीर्घिका छोट्या कॅमेऱ्यात, विशेषतः शहराच्या उजेडातून. शाळांमध्ये मुलांना आधी शनी आणि चंद्र दाखवायचे असतात, म्हणून जाड नळीची. सरांनी हो म्हटलं. विक्रेत्याची माफी मी स्वतः फोन करून मागितली.

तिसऱ्या इंजेक्शननंतर न्हाणीघरातल्या फरशीची रेघ बरीच सरळ झाली. एक लहानसा खळगा राहिला. तो जाणार नाही, असं डॉक्टर म्हणतात.

नव्या दुर्बिणीचा पहिला कार्यक्रम सायखेड्याच्या एका शाळेत झाला. मुलांनंतर गावातली मोठी माणसं रांगेत आली. एक आजी डोळा लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. "मला काय बी दिसत नाय," त्या म्हणाल्या आणि मागे सरल्या. रांगेतली मुलं हसली. मी त्यांना बाजूला घेऊन शाळेच्या दिव्याखाली नेलं. आधी एक डोळा झाकायला सांगितला, मग दुसरा. शाळेच्या नावाच्या पाटीवरची आडवी रेघ कशी दिसते ते विचारलं.

"धुरकट दिसती," आजी म्हणाल्या. "वाकडी नाय."

त्यांच्या सुनेला मी सांगितलं, आठवड्याच्या आत दाखवा. ती म्हणाली, वय झालंय त्यांचं, चालायचंच. मी तिचा हात सोडला नाही. माझ्या वडिलांचं काय झालं ते तिला सांगितलं, नंतर माझं सांगितलं. आजी मध्येच म्हणाल्या, "अगं बाई, रडू नको. जाईन मी." महिनाभराने सुनेचा फोन आला. मोतीबिंदू निघाला होता, ऑपरेशन झालं होतं, आणि आजी आता सुईत दोरा ओवायचा हट्ट करत होत्या.

मला दर काही आठवड्यांनी तपासणीला जावं लागतं. यजमान बाहेरच्या बाकावर बसतात. मी हनुवटी यंत्रावर ठेवते, आतली हिरवी फुली शोधते, आणि ती सापडेपर्यंत माझे तळहात गार पडलेले असतात. यजमान म्हणतात, हळूहळू सवय होईल. मला अजून झालेली नाही. दुसऱ्या डोळ्यालाही हे होऊ शकतं का, असं मी गेल्या वेळी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, होऊ शकतं, म्हणूनच रोज एकेक डोळा झाकून पाहत जा. मी रोज पाहते. आधी उजवा झाकते, कारण डावा सरळ पाहतो आहे ना, हे मला पहिल्यांदा कळायला हवं असतं.