दिल्लीत लागलेलं लगीन

नवशीबाईला दिल्लीला न्यायचं ठरलं तेव्हा तिच्यापेक्षा पाड्यालाच जास्त हुरूप आला. तलासरीच्या पूर्वेला, गुजरातच्या हद्दीला टेकलेला हा पाडा. पोरं पोटासाठी वापीच्या कंपन्यांत जातात, म्हाताऱ्यांची धाव डहाणू रोडच्या बाजारापर्यंत. आणि साठी उलटलेली ही विधवा बाई थेट देशाच्या राजधानीत! ज्याने त्याने तिला हे बघ, ते बघ म्हणून सांगितलं, जसे काही सगळे कालच बघून आले होते.

नवशी धवलेरी. म्हणजे वारल्यांची लग्नं लावणारी बाई. इथे भटजी नाही, पोथी नाही. सवाशिणींनी भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक लिहायचा आणि धवलेरीने त्याच्यापुढे गाऊन देव बोलवायचे. मग नवरा-नवरीची नावं घ्यायची, दोघांना एक करायचं आणि आलेल्या देवांना गाऊनच परत पोचवायचं. ते पोचवणं राहिलं तर लगीन अर्धं. आजूबाजूच्या पाड्यांवरची केवढी तरी जोडपी नवशीनेच एक केली होती. एक मात्र राहिलं होतं आणि तेच तिच्या जिवाला लागलं होतं. तिचा थोरला भाऊ काकड्या आणि वहिनी तुळशी.

वहिनी आपली म्हणायची. तुळशी तरणीताठी असताना काकड्याच्या घरात आली, नांदली, लेकरं झाली, नातवंडं झाली, पण लगीन लागलं नाही. यात लाजण्यासारखं इकडे काही नाही. सगळ्या पाड्याला जेवू घालायची ऐपत आली की लावायचं, तोवर संसार कोणासाठी थांबत नाही. ऐपत यायला दोघांचे केस पिकले, एवढंच. औंदा भात बरं पिकलं, मुलगा सुदाम कमावता झाला, माघातला दिवस धरला. पण तोवर काकड्याच्या छातीने दगा दिला. दम लागून बसायचा आणि म्हणायचा, "बिनलग्नाचा गेलो तर आजापणजा मला पंगतीला घेतील का ग, नवशे?"

"गप रे, मी हाय ना," नवशी म्हणायची.

असं असताना डहाणू रोडचा रविंद्र उगवला. कसल्याशा संस्थेचा कर्ताधर्ता, गोड बोलणारा, आपली पोळी कुठे भाजते ते बरोबर ओळखणारा. दिल्लीच्या मेळ्यात वारली लगीन दाखवायचं होतं. आठवड्याच्या आत परत, शिवाय शेवटच्या दिवशी दिल्ली दर्शन, लाल किल्ला, कुतुबमिनार, सगळं. नवशीने भावाकडे बघितलं. जन्मात कधी कुठे न गेलेल्या बहिणीचा चेहरा त्यालाही दिसला असेल. "जा, बघून ये," काकड्या म्हणाला. "आलीस की आधी दिल्ली सांग, मग लगीन लाव."

दिल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये उतरवलं. थंडी अशी की हाडं वाजावीत. स्टेजवर पाड्यातल्याच दिपकला नवरा केला, प्रगतीला नवरी केलं आणि नवशी अडून बसली. दोघं एका कुळाची, भाऊ-बहीण लागणारी. "ह्यांची नावं मी घ्यायची नाय."

रविंद्र वैतागला. "अहो आत्याबाई, खोटं खोटं आहे ते!"

"मग देव आल्यावर त्यांना काय सांगू, परत जावा, खोटं खोटं होतं म्हणून?"

आता हे डोक्यात शिरायला माणूस पाड्यातलाच हवा. रविंद्र नुसता घड्याळ बघत राहिला. शेवटी नवशीनेच तोड काढली. काकड्या आणि तुळशीची नावं घ्यायची. ती जोडी खरी आहे, देवांना फसवल्यासारखं होणार नाही. तिने डोळे मिटले आणि गायला लागली. हिरवादेवाला बोलावलं, हिमायला बोलावलं, भावाचं नाव घेतलं, वहिनीचं घेतलं. आवाज भरून आला. समोरचे लोक शेंगा सोलत होते, तिला ते दिसतही नव्हते. दोघांना एक करायच्या ओळीवर आली आणि निवेदन करणारी बाई माइक घेऊन मध्येच घुसली, "ज़ोरदार तालियाँ!" टाळ्या पडल्या. रविंद्रने नवशीला दंडाला धरून खाली उतरवलं, पाठोपाठ दुसऱ्या राज्याचे ढोल सुरू झाले. देव तसेच उभे राहिले. नवशी कळवळली, पण कोणाला सांगणार? घरी गेल्यावर पुरं करू, असं तिने मनाशी धरलं.

त्याच संध्याकाळी रविंद्रच्या मोबाइलवर सुदामचा फोन आला. "आत्या, बापाला दम जास्त लागलाय. लवकर ये."

दिपकची कंपनीत हजेरी होती, तो त्याच रात्रीच्या गाडीने निघाला होता. "चल आत्ये, जनरलमध्ये बसू कसंतरी," तो म्हणाला. नवशीने बोचकं उचललंसुद्धा. पण दर्शन उद्यावर आलं होतं. दम तर त्याला पावसाळ्यापासून लागतोय, एका दिवसाने काय होतंय? आणि दिल्ली न बघता गेले तर त्याला सांगू काय? मनाला समजवायला कारणं काय, मागाल तेवढी मिळतात. तिने बोचकं खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दर्शन झालं. कोणाचं कोणी घेतलं ते विचारू नका. संस्थेला फोटो पाहिजेत म्हणून रविंद्रने सगळ्यांना स्टेजवरच्याच कपड्यांत, डोक्यात फुलं माळून बसमध्ये घातलं. लाल किल्ल्यापाशी नवशी मान वर करते न करते तोच एका बाईने तिला कवेत घेतलं आणि फोटो काढला. तिचं बघून दहा जणी आल्या. कुणी लुगड्याला हात लावून बघितलं, कुणी "आंटी, थोड़ा नाचो ना" म्हणालं. कुतुबमिनारला तीच तऱ्हा. तो किती उंच आहे ते सांगायला तिला वर बघू तर द्यायला हवं होतं! दिल्ली बघायला गेलेल्या नवशीला दिल्लीच बघून गेली. ती संतापली, पण बोलायचं कोणत्या भाषेत?

शेवटी हुमायूनच्या मकबऱ्यापाशी तिला दोन घटका टेकायला मिळालं. गाईड सांगत होता, हा बादशहा गेल्यावर त्याच्या बायकोने त्याच्यासाठी हा बांधून घेतला. नवशीने तो घुमट डोळे भरून बघितला. मेलेल्यासाठी एवढं घर! काकड्याला हेच पहिलं सांगायचं, असं तिने ठरवलं. तेव्हा रविंद्रचा फोन वाजत होता. एकदा, दोनदा, परत परत. "शूटिंग चालू आहे, नंतर बघू," म्हणून त्याने तो बंदच करून टाकला.

डहाणू रोडला गाडीतून उतरली तर सुदाम उभा. त्याच्या तोंडाकडे बघूनच ती फलाटावर बसली. "बाप गेला, आत्या. परवा. काल जाळला."

पाड्यात पोचली तेव्हा मांडवासाठी तोडून आणलेल्या मेढी अंगणात तशाच पडल्या होत्या. तुळशी ओट्यावर बसली होती, हातांना हळद लागलेली. ती रडत नव्हती. उलट तीच नवशीला समजावायला लागली.

"परवा सकाळी तू पाठवलेलं लगीन आलं बरं का. सुदामच्या मोबाइलवर, व्हिडिओत. तुझ्या साहेबानं सगळ्यांना धाडलं होतं. तू आमचंच नाव घेत होतीस! तो तर उठून बसला. म्हणाला, बघा, बहीण लांबून लगीन लावते. मग घाईघाईनं चौक लिहवला, हळद लावली, त्याच्यापुढं बसलो."

नवशी तिच्याजवळ सरकली. "मग?"

"मग ती बाई बोलली, टाळ्या वाजल्या, नि गाणं संपलं. तो म्हणाला, पुढं? सुदामनं परत लावलं, परत तिथंच टाळ्या. शेजारच्या पाड्यातली हिरू धवलेरी दम्यानं अंथरुणावर, ती कुठली येते! तुझ्या साहेबाला फोन केले, तू फोनवर पुढचं गायली असतीस. उचललेच नाय. हा दिवसभर एकच विचारायचा, देव उभे हायत, त्यांना कोण पोचवणार? दिवस मावळला नि बोलणं बंद झालं."

नवशीने कपाळ बडवून घेतलं. त्या रविंद्रला, त्या माइकवाल्या बाईला, आपल्या हावऱ्या डोळ्यांना तिने नको नको त्या शिव्या घातल्या. मग पदराने तोंड पुसून ती भिंतीवरच्या चौकापुढे जाऊन बसली.

"वहिनी, ये. बस इथं. राहिलेलं मी आता गाते, सगळं पुरं करते."

तुळशी जागची हलली नाही. तिने ओट्यावर आपल्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि साधंच विचारलं,

"आता कोणाशी लावतीस?"