अण्णांच्या मिशीवरची टेप

आमचे अण्णा रात्रभर तोंडाने श्वास घेतात, कारण त्यांच्या नाकाची एक बाजू जवळजवळ बंद आहे. परवा सांगलीतल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून हे पक्कं सांगितलं... आणि घरातला एक जुना वाद मिटला. अण्णांच्या मते ती 'सीझनची सर्दी' होती.

मिलिट्रीतून रिटायर झाल्यावर अण्णा तासगावजवळच्या आमच्या बेदाण्याच्या शेडवर रमले. बेदाणा पिवळा राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात. त्या दिवसांत तिथे सगळ्यांचीच नाकं चोंदतात. अण्णांचं बारा महिने चोंदलेलं असायचं, पण तेही त्यांनी धुरीच्या नावावर खपवलं.

सकाळी तोंडाला कोरड, डोकं जड, दिवसा बसल्या जागी डुलकी... मागच्या महिन्यात ट्रॅक्टरवर डोळा लागला आणि ट्रॉली बांधाला घासली. तेव्हापासून मी साताऱ्याहून रोज फोन करून डॉक्टरांकडे चला म्हणून मागे लागले होते. रोज एकच उत्तर, "काय न्हाई गं, लय झोप झाली की असं हुतंय."

मग त्यांना कुणीतरी एक रील पाठवलं. तोंडाला टेप लावून झोपा, श्वास आपोआप नाकाने सुरू होतो म्हणे. अण्णांनी शेडवरची टेप आणली... बेदाण्याचे बॉक्स बंद करायची, रुंद, ब्राऊन! आणि लावली थेट मिशीवरून.

सकाळी आईने फोटो पाठवला. अर्धी मिशी टेपवर होती. मी आधी खूप हसले, मग घाबरले, आणि मिळेल ती एसटी पकडून निघाले.

डॉक्टर उरलेल्या मिशीकडे बघत म्हणाले, "काका, नाक बंद, वरून तोंडही बंद. श्वास घेणार होतात कुठून?"

"आवं डॉक्टर, रीलमधी तसंच दावलं हुतं की."

"त्याचं नाक मोकळं असेल हो! परत हा उद्योग करायचा नाही. जिवावर बेतलं असतं."

मग त्यांनी झोपेबद्दल विचारलं. "एकदम गाढ," अण्णा म्हणाले, "पडलो की थेट सकाळ."

"मग टेप काढली कोणी?"

अण्णा गोंधळले. "निघाली असंल झोपेत..."

"मी काढली," आई म्हणाली. मग खालच्या आवाजात, "ह्यांचा श्वास मधीच थांबतोय, डॉक्टर. मी आकडं मोजते. धा झालं की कुशीवर वळवते. परत घोराय लागलं की मग बरं वाटतंय."

डॉक्टरांचं पेन थांबलं. कधीपासून, म्हणून त्यांनी विचारलं.

"धाकट्या नातवाच्या बारशापास्नं."

तो नातू आता तिसरीत आहे... आणि दुपारी टीव्हीसमोर पेंगणाऱ्या आईला आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं चिडवलं आहे. मला तिच्याकडे बघवेना.

"सांगायचं न्हाईस व्हय?" अण्णा म्हणाले.

"सांगितलं असतं, तर तुमाला झोपायचं भ्या वाटलं असतं."

बाहेर पडताना अण्णांनी तिच्या हातातली फाइल घेतली, जिन्यावर तिचा हात धरला. चारचौघांत असं करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी अण्णांच्या झोपेची तपासणी आहे. एक रात्र दवाखान्यात राहायचं, अंगाला वायरी लावायच्या, श्वास मशीन मोजणार. ऑपरेशन लागेल की आणखी काही, ते रिपोर्ट आल्यावर डॉक्टर ठरवतील.

आईला मात्र त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय, त्या रात्री तुम्ही इथे थांबायचं नाही, झोपायचं. ती माधवनगरला मावशीकडे जाणार आहे. झोप लागेल की नाही, तिलाच खात्री नाही... पण तिची उशी अण्णांनी आजच पिशवीत भरून ठेवली आहे.